दुपंखी विमान, विजेची मोटर आणि मालेगावची हवा

एकावर एक असे दोन पंख असलेले विमान, म्हणजे दुपंखी विमान किंवा बायप्लेन, प्रवासी आणि लढाऊ विमानांच्या जगातून १९३०च्या दशकानंतर मागे पडत गेले; हवाई कसरतींच्या जगात मात्र ते टिकून राहिले, आणि रेडिओ लहरींवर जमिनीवरून चालवल्या जाणाऱ्या छोट्या विमानांत विजेची मोटर आल्यानंतर त्याला पुन्हा बरे दिवस आले. या टिकून राहण्याचे श्रेय बहुधा त्याच्या जुन्या, देखण्या रूपाला दिले जाते. रूपाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. ज्या दोषामुळे दुपंखी विमान मोठ्या विमानांच्या शर्यतीतून बाद झाले, तोच दोष कसरतीच्या छोट्या विमानात उपयोगी पडतो आणि विजेची मोटर त्या दोषाची किंमत सहज चुकती करते, असे या विषयावरील अनुभव आणि हिशेब एकत्र मांडल्यावर दिसते. उरतात ते तीन प्रश्न: वजनाचा, पंखांच्या जुळणीचा आणि ज्या हवेत हे विमान उडायचे त्या हवेचा. शेवटच्या प्रश्नासाठी या आढाव्यात मालेगाव हे ठिकाण समोर ठेवले आहे, कारण समुद्रसपाटीवरच्या थंड देशांत ठरलेले आकडे मालेगावच्या उन्हाळ्यात जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

दोन पंख का आले आणि का गेले

राइट बंधूंचे १९०३ सालचे विमान दुपंखीच होते, आणि त्यामागचे कारण मुख्यतः बांधकामाचे होते. त्या काळात लाकूड, कापड आणि तार एवढेच साहित्य हाताशी असल्यामुळे एकच लांब पंख स्वतःच्या बळावर ताठ ठेवणे अवघड होते. दोन पंख एकमेकांपासून ठरावीक अंतरावर ठेवून मध्ये उभे खांब आणि तिरप्या तारा बसवल्या की पुलाच्या कैचीसारखी मजबूत पण हलकी चौकट तयार होत असे. भारतात १८ फेब्रुवारी १९११ रोजी आँरी पेके याने अलाहाबादहून नैनीला टपाल नेले ते अशाच दुपंखी विमानातून, आणि १ एप्रिल १९३३ रोजी भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली तेव्हा तिच्याकडे असलेली वेस्टलँड वापिटी विमानेही दुपंखीच होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतीय वैमानिकांची मोठी फळी टायगर मॉथ या दुपंखी विमानावर उड्डाणाचे धडे गिरवून तयार झाली.

पुढे इंजिने ताकदवान झाली, ॲल्युमिनियमचे पंख आले आणि वेग वाढत गेला, तशी खांब आणि तारांमुळे होणारी ओढ, म्हणजे पुढे जाणाऱ्या विमानाला हवेकडून होणारा विरोध, परवडेनाशी झाली. वेग वाढला की ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ताशी दीडशे किलोमीटरला खपून जाणाऱ्या तारा ताशी चारशे किलोमीटरला इंधनाचा मोठा हिस्सा खाऊ लागल्या. कसरतीच्या विमानाला मात्र लांब पल्ला गाठायचा नसतो. अमेरिकेतील कर्टिस पिट्स याने १९४०च्या दशकात बनवलेले पिट्स स्पेशल हे छोटेखानी दुपंखी विमान म्हणूनच गाजले. बेटी स्केल्टन हिने ते लोकप्रिय केले आणि १९७२ साली फ्रान्समधील जागतिक हवाई कसरत स्पर्धेत चार्ली हिलार्ड याने याच जातीच्या विमानावर विजेतेपद मिळवले. आज बाजारात मिळणारी किंवा घरी बांधली जाणारी अनेक छोटी कसरती दुपंखी विमाने या ना त्या रूपात पिट्सचीच नक्कल असतात.

छोट्या विमानांची परंपरा मोठ्या विमानांहून जुनी आहे. फ्रान्समधील आल्फाँस पेनो याने १८७१ मध्ये पिळलेल्या रबरावर चालणारे विमान लोकांसमोर उडवून दाखवले होते. अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या बंधूंनी १९३७ च्या सुमारास रेडिओने दिशा देता येणारे विमान उडवले, आणि १९५७ मध्ये इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी विजेच्या मोटरीवरील रेडिओनियंत्रित उड्डाणाची नोंद केली. तरीही त्यानंतर चार दशके विजेचे विमान हे हौशी प्रयोगच राहिले, कारण त्या वेळच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या वजनाने जड आणि साठवलेल्या ऊर्जेने तोकड्या होत्या. २००० नंतर लिथियम-पॉलिमर बॅटरी आणि ब्रश नसलेली मोटर या दोन गोष्टी एकदमच सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्या आणि चित्र पालटले.

एकाच हवेत दोन पंख

दोन पंख म्हणजे दुप्पट उचल, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. पंखाच्या वरून जाणारी हवा कमी दाबाची आणि खालून जाणारी अधिक दाबाची असल्यामुळे पंख उचलला जातो. परंतु दुपंखी विमानात वरच्या पंखाखालचा अधिक दाब आणि खालच्या पंखावरचा कमी दाब हे एकाच फटीत समोरासमोर येतात व एकमेकांना काही अंशी मारतात. ही फट, म्हणजे दोन पंखांमधील उभे अंतर, जितकी मोठी तितका हा तोटा कमी. पण फट वाढवली की खांब लांब होतात, वजन वाढते आणि चौकट लवचीक होते. पंखाची पुढून मागे मोजलेली रुंदी जेवढी असेल साधारण तेवढीच फट ठेवावी, या सर्वमान्य संकेताचा उगम या तडजोडीत आहे.

वरचा पंख खालच्याच्या पुढे सरकवण्याला स्टॅगर म्हणतात, आणि दोन पंख हवेला जे कोन करतात त्यांतील फरकाला डेकॅलेज म्हणतात. या दुसऱ्या बाबतीत बांधणाऱ्यांत दोन तट आढळतात. वरच्या पंखाला अर्धा ते एक अंश अधिक कोन द्यावा, म्हणजे वेग फार कमी झाल्यावर वरचा पंख आधी स्टॉल होईल आणि नाक आपोआप खाली जाऊन विमान सावरेल, असे एका तटाचे म्हणणे आहे. पंखावरून हवेचा प्रवाह सुटून उचल एकाएकी कोसळणे म्हणजे स्टॉल. दुसरा तट दोन्ही पंखांना अगदी सारखा कोन देतो, कारण कसरतीचे विमान उलटे झाल्यावर वरचा पंख खालचा होतो आणि सुलट्या स्थितीत संरक्षण देणारा तोच कोन उलट्या स्थितीत विरुद्ध वागतो. शांतपणे उडवण्याच्या प्रतिकृतीसाठी पहिला मार्ग आणि कसरतीसाठी दुसरा, अशी विभागणी करणे सयुक्तिक ठरते.

हे सगळे तोटे सोसून मिळते काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पंखविस्तार, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी, ११० सेंटिमीटर आणि रुंदी २० सेंटिमीटर असे दोन सारखे पंख घेतले तर एकूण क्षेत्रफळ ४४ चौरस डेसिमीटर होते. लांबी रुंदीच्या साडेपाच पट हे प्रमाण कायम ठेवून तेवढेच क्षेत्रफळ एका पंखात बसवायचे झाले तर विस्तार दीड मीटरहून अधिक होतो. अक्षाभोवती गिरकी घेताना, म्हणजे रोल करताना, अक्षापासून दूर असलेले वजन अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात अडथळा करते. म्हणून आखूड पंखांचे विमान रोल झटकन सुरू करते आणि तितक्याच झटकन थांबवते. शिवाय खांब, तारा आणि दुसरा पंख यांच्या ओढीमुळे नाक सरळ खाली करून उतरतानाही वेग बेसुमार वाढत नाही, त्यामुळे संपूर्ण कसरत जवळपास एकाच वेगात आणि उडवणाऱ्याच्या नजरेसमोरच्या मर्यादित जागेत बसवता येते. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या एफ-३-ए या अचूक कसरतींच्या स्पर्धाप्रकारात विमानाची लांबी व पंखविस्तार प्रत्येकी २ मीटरपर्यंत आणि वजन ५ किलोपर्यंत मर्यादित असते. त्या चौकटीतही काही स्पर्धक दुपंखी विमान निवडतात, ते नेमक्या याच गुणांसाठी.

मोटर, बॅटरी आणि वजनाचा ताळेबंद

ओढ जास्त म्हणजे ती भागवायला रेटा, म्हणजे पुढे ढकलणारे बळ, जास्त लागणार, हे उघड आहे. विजेच्या विमानात शक्तीचा अंदाज दर किलो वजनामागे किती वॉट, या मापाने बांधला जातो. शिकाऊ विमानाला किलोमागे १०० ते १५० वॉट पुरतात. साध्या कसरतींना २२० ते ३३० वॉट लागतात. आणि पंख्याच्या जोरावर नाक वर करून हवेत टांगून राहणे यासारख्या कसरतींना त्याहूनही अधिक. दुपंखी विमानासाठी या पट्ट्याच्या वरच्या टोकाला राहणे शहाणपणाचे असते.

वर घेतलेल्या मापाच्या विमानाचे उडण्यास सिद्ध वजन १६०० ग्रॅम धरले तर ताळेबंद साधारण असा पडतो: पंख, शेपूट आणि धड मिळून ६२० ग्रॅम; मोटर १४०; मोटरीला जाणारा प्रवाह कमी-जास्त करणारा वेगनियंत्रक, ज्याला ईएससी म्हणतात, ५५; बॅटरी ३४०; सुकाणू हलवणाऱ्या छोट्या सर्व्हो मोटरी मिळून १००; रिसीव्हर आणि वायरी ४५; पंखा व त्याचे टोपण ४५; चाके व त्यांचा सांगाडा १२०; आणि खांब, स्क्रू, गोंद, रंग यांचे १३५. यातील शेवटची रक्कम बहुतेक पहिल्या बांधणीत कागदावर धरलीच जात नाही, आणि विमान ठरल्यापेक्षा जड होते ते बहुधा तिथेच. दुपंखी विमानात पंखांची संख्या दुप्पट असल्याने गोंद, कव्हरिंगची फिल्म आणि सांधेही दुप्पट होतात, ही गोष्ट एकपंखी विमानावरून आलेला हौशी कारागीर हमखास विसरतो.

ब्रश नसलेल्या मोटरीवर लिहिलेला केव्ही हा आकडा दर व्होल्टमागे भाराविना होणारे फेरे दर्शवतो. ८०० केव्हीची मोटर चार सेलच्या, म्हणजे १४.८ व्होल्टच्या बॅटरीवर भाराविना मिनिटाला सुमारे ११,८०० फेरे घेईल आणि १२ इंच व्यासाचा, ६ इंच पिचचा पंखा जोडल्यावर साधारण ९,४०० वर येईल. एका फेऱ्यात पंखा न घसरता जेवढा पुढे सरकेल ते अंतर म्हणजे पिच. या स्थितीत सुमारे ४० ते ४५ अँपिअर प्रवाह, ६०० वॉटच्या आसपास शक्ती आणि २ किलोहून किंचित अधिक रेटा मिळतो, म्हणजे रेटा विमानाच्या वजनाहून जास्त असल्याने ते सरळ वर चढू शकते. वेगनियंत्रक ६० अँपिअरचा घेणे इष्ट, कारण कमाल प्रवाहाच्या काठावर चालवलेला नियंत्रक उन्हात टिकत नाही. ३३०० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी ८० टक्केच रिकामी करायची ठरवली आणि सरासरी प्रवाह २२ अँपिअर धरला, तर उड्डाणाला सात मिनिटे मिळतात. या सात मिनिटांतच उतरण्याचा एखादा प्रयत्न फसून पुन्हा चक्कर मारावी लागण्याची तरतूद असते, म्हणून ट्रान्समीटरवरील घड्याळ साडेपाच-सहा मिनिटांवर लावण्याची पद्धत आहे. थोडक्यात, दुपंखीची जादा ओढ भागवण्यासाठी लागणारी शक्ती विजेच्या मोटरीतून हवी त्या क्षणी मिळते, पण तिचे मोल उड्डाणाच्या वेळात मोजावे लागते.

मालेगावसारख्या यंत्रमागांच्या शहराला या भागात एक अनुकूलता आहे. हजारो माग विजेच्या मोटरींवर चालत असल्याने मोटर रिवाइंडिंग, लेथकाम, बेअरिंग बदलणे आणि फिरणाऱ्या भागांचा तोल साधणे ही कामे तिथल्या कारागिरांच्या हाताखालची आहेत. वेढ्यांची संख्या वाढवली की मोटरीचे केव्ही उतरते आणि कमी केली की चढते, हे तत्त्व रिवाइंडिंग करणाऱ्याला नव्याने समजावून द्यावे लागत नाही; वाकलेला मोटरीचा दांडा सरळ करणे किंवा चाकांसाठी पोलादी तारेचा सांगाडा वाकवणे हेही अशा बाजारपेठेत अडत नाही. वेगनियंत्रक, रिसीव्हर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी या वस्तू मात्र मोठ्या शहरांतून मागवाव्या लागतात.

साहित्य आणि जुळणी

बांधणीच्या साहित्याबाबत बाल्सा आणि फोम असे दोन पक्ष आहेत. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतील अतिशय हलके लाकूड. त्याच्या पातळ पट्ट्यांच्या फासळ्या करून त्यांवर इस्त्रीने ताणून बसणारी प्लास्टिकची फिल्म चढवली की हलका आणि ताठ पंख तयार होतो. फोमचा पंख कापायला सोपा, स्वस्त आणि आपटल्यावर दुरुस्त करायला हातोहात; मात्र तो लवचीक असल्याने त्यात कार्बनच्या कांड्या घालाव्या लागतात आणि उन्हात तापल्यावर त्याचा आकार किंचित बिघडू शकतो. सायनोअॅक्रिलेट जातीचा झटपट चिकटणारा गोंद साध्या थर्माकोलला विरघळवतो, म्हणून फोमसाठी वेगळा गोंद लागतो. पहिली बांधणी फोमची आणि उडवण्याचा हात बसल्यावरची बाल्साची, हा क्रम खर्चाच्या दृष्टीने सोयीचा आहे.

साहित्यापेक्षा जुळणी अधिक निर्णायक ठरते, आणि दुपंखी विमानाची खरी परीक्षा इथे होते. २० सेंटिमीटर रुंदीच्या पंखात एक अंशाचा फरक म्हणजे पुढच्या आणि मागच्या काठाच्या उंचीत केवळ साडेतीन मिलिमीटरचा फरक. म्हणजे दोन्ही पंखांचे कोन अर्ध्या अंशाच्या आत जुळवायचे तर खांबाचे भोक दोन मिलिमीटरनेही चुकून चालत नाही. यासाठी विमान सपाट फरशीवर शेपटीखाली ठोकळा देऊन आडवे करतात, धडाची मध्यरेषा जमिनीला समांतर असल्याची पाण्याच्या लेव्हलने खात्री करतात, मग प्रत्येक पंखाच्या पुढच्या व मागच्या काठाची फरशीपासूनची उंची डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना पट्टीने मोजतात. उजवीकडचा आकडा डावीकडे मिळत नसेल तर पंखाला पीळ आहे असे समजावे. हा पीळ तसाच राहिला तर विमान सरळ उडताना ट्रिमने, म्हणजे सुकाणूंच्या बारीक कायम दुरुस्तीने, सावरते, पण वर्तुळाकार लूप घेताना दर वेळी एकाच बाजूला कलंडते आणि उडवणारा आपल्या हाताला दोष देत राहतो.

गुरुत्वमध्याचा, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोलले जाते त्या जागेचा, हिशेबही दोन पंखांमुळे वेगळा होतो. वरचा पंख खालच्याच्या ६ सेंटिमीटर पुढे असेल आणि दोन्ही सारखे असतील, तर त्यांच्या सरासरी पंखाचा पुढचा काठ वरच्या पंखाच्या काठामागे ३ सेंटिमीटरवर येतो; तिथून रुंदीच्या एक चतुर्थांश, म्हणजे ५ सेंटिमीटर मोजले की गुरुत्वमध्य वरच्या पंखाच्या पुढच्या काठापासून ८ सेंटिमीटरवर पडतो. पतंगाच्या दोऱ्याची गाठ बोटभर सरकली की तो गोते खाऊ लागतो, तसाच हा बिंदू सेंटिमीटरभर मागे गेला तर विमान सावरता येण्याच्या पलीकडे जाते. म्हणून पहिल्या उड्डाणाला तो हिशेबापेक्षा थोडा पुढेच ठेवतात आणि बॅटरी मागे सरकवत नेमकी जागा शोधतात.

खांब आणि तारा भार सोसणाऱ्या असाव्यात की शोभेच्या, यावरही मतभेद आहेत. छोट्या विमानात कार्बनच्या नळीमुळे प्रत्येक पंख स्वतंत्रपणे पुरेसा ताठ करता येतो, तेव्हा तारांची ओढ फुकट कशाला, असा एक युक्तिवाद आहे. उलट, खांब खरे असतील तर पंख हलका बांधता येतो आणि वरच्या-खालच्या एलेरॉनना, म्हणजे रोल घडवणाऱ्या मागच्या काठाच्या झडपांना, एकमेकांशी काडीने जोडून दोन सर्व्होंत चार झडपा चालवता येतात. मैदानावर दरवेळी आठ-दहा स्क्रू कसून विमान जोडण्याचा कंटाळा हा दुपंखीचा नेहमीचा जाच आहे. ११० सेंटिमीटर विस्ताराचे विमान मात्र जोडलेल्या स्थितीतच छोट्या गाडीत मावते.

मालेगावची हवा

मालेगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४३५ मीटर उंचीवर, गिरणा आणि मोसम यांच्या संगमावर वसले आहे, आणि उन्हाळ्यात राज्यातील तापलेल्या शहरांच्या यादीत त्याचे नाव वारंवार येते. उंची आणि उष्णता हे दोन्ही घटक हवा विरळ करतात. प्रमाणित हवामानात, म्हणजे समुद्रसपाटीला आणि १५ अंश सेल्सिअसला, हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलो असते. मालेगावात तापमान ४० अंशांवर गेले की ती सुमारे १.०७ किलोवर उतरते. विमानाच्या दृष्टीने ही हवा प्रमाणित हवामानातील सुमारे १,४०० मीटर उंचीवरची, म्हणजे महाबळेश्वराइतक्या उंच ठिकाणची हवा होय. डिसेंबरच्या सकाळी पारा १२ अंशांवर असताना हीच घनता १.१८ च्या आसपास असते. एकाच मैदानावर, एकाच विमानाला, ऋतू बदलला की सुमारे दहा टक्के हवा कमी किंवा जास्त मिळते.

वर घेतलेल्या १६०० ग्रॅमच्या विमानाला हा फरक असा भोवतो. प्रमाणित हवेत ते ताशी सुमारे २७ किलोमीटर वेगाला स्टॉल होईल, तर मालेगावच्या चाळीस अंशांत सुमारे २९ किलोमीटरलाच. म्हणजे उतरताना अधिक वेग राखावा लागेल आणि धावायला अधिक मोकळी जमीन लागेल. विरळ हवेत पंख्याचा रेटाही घटतो. मोटर थोडी वेगाने फिरून काही भरपाई करते, तरी २.१ किलोचा रेटा १.९ किलोच्या आसपास येतो. त्यातच मोटर आणि वेगनियंत्रक यांना थंड करणारी हवा स्वतःच तापलेली आणि विरळ असते. थंड देशातील पुस्तकात कसरतीला पुरेसा म्हणून दिलेला आकडा मालेगावच्या मे महिन्यात अपुरा पडतो, तो या तीन कारणांनी, आणि त्यावर मोठी बॅटरी बसवणे हा उपाय बहुधा उलटतो, कारण वाढलेले वजन स्टॉलचा वेग आणखी वाढवते. दीडशे ग्रॅम वजन घटवणे हाच इथला अधिक खात्रीचा उपाय आहे.

बॅटरीच्या बाबतीत उष्णतेचे गणित अधिक कडक आहे. लिथियम-पॉलिमर सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो, साठवताना ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायचा असतो आणि ६० अंशांपलीकडे तापला की त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. उन्हात उभ्या गाडीत भरलेल्या बॅटऱ्या सोडणे म्हणजे ही मर्यादा मैदानात पाऊल ठेवण्यापूर्वीच ओलांडणे. उडून आलेली बॅटरी निवल्याशिवाय चार्ज करू नये, चार्जिंग क्षमतेच्या एकपट प्रवाहाने आणि नजरेसमोर करावे, फुगलेली बॅटरी वापरातून काढावी आणि जवळ वाळूची बादली असावी, हे नियम सर्वत्र सांगितले जातात. इथे ते पाळण्याला पर्याय नाही. हिवाळ्याच्या सकाळी अडचण उलट असते: गारठलेल्या सेलचा अंतर्गत रोध वाढून पूर्ण रेट्याच्या क्षणी व्होल्टेज कोसळते, म्हणून उडण्यापूर्वी बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात उबदार ठेवणे उपयोगी पडते.

वाऱ्याचा विचार केला तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतील सकाळ ही दुपंखीसाठी सर्वांत अनुकूल वेळ ठरते. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे ऊर्ध्वप्रवाह आणि वावटळी हलक्या, मोठ्या बाजूच्या विमानाला फेकून देतात. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा आणि चिखल दोन्ही आड येतात. माळमाथ्याकडील मोकळी माळराने आणि पीक निघाल्यानंतरची शेते, मालकाची परवानगी असेल तर, चांगली जागा पुरवतात. मात्र ढेकळांच्या जमिनीत छोटी चाके रुतून विमान नाकावर पालथे होते, म्हणून चाके व्यासाने मोठी घ्यावीत. संक्रांतीच्या हंगामात पतंगांचा जोर असतो, आणि जवळच्या येवल्यात तर पतंगोत्सव मोठ्या थाटात होतो. त्या दिवसांत मांजा पंख्यात अडकण्याचा धोका असल्याने मॉडेल उडवणे टाळणेच बरे.

उडवणे आणि कसरत

दुपंखी कसरती विमान हे शिकण्याचे पहिले विमान नाही, याबाबत मतभेद नाहीत. धडाच्या वर पंख असलेले स्थिर शिकाऊ विमान, नंतर खाली पंख असलेले एकपंखी विमान आणि त्यानंतर दुपंखी, हा क्रम सर्वत्र सांगितला जातो; संगणकावरील सिम्युलेटरमुळे पहिल्या दोन टप्प्यांचा खर्च आणि मोडतोड बरीच वाचते. आवश्यक तेव्हा विमान आपोआप सरळ करणारा इलेक्ट्रॉनिक जायरो वापरावा की नाही, यावर वाद आहे. वाऱ्यात उतरताना त्याची मदत होते, हे खरे. पण वाकडी जुळणी तो झाकून टाकतो, आणि म्हणून पहिली उड्डाणे तो बंद ठेवून करणे योग्य.

उड्डाण घेताना पंख्याच्या पिळाने आणि त्याच्या गोल फिरत मागे येणाऱ्या झोताने शेपटीवर चाक असलेले दुपंखी विमान डावीकडे ओढ घेते. मोटर दोन अंश उजवीकडे वळवून बसवणे आणि सुरुवातीपासून रडर, म्हणजे शेपटीचे उभे सुकाणू, उजवीकडे देणे, हे त्यावरचे उपाय आहेत. एकदम पूर्ण शक्ती न देता ती दोन-तीन सेकंदांत वाढवली की ही ओढ आटोक्यात राहते. उतरताना शक्ती पूर्ण बंद केली तर जादा ओढीमुळे विमान तरंगत येण्याऐवजी खाली बसते. म्हणून थोडी शक्ती ठेवूनच, जमिनीला चाके लागेपर्यंत, विमान आणावे लागते. एकपंखीवरून आलेल्या उडवणाऱ्याचे पहिले दुपंखी मोडते ते बहुधा या टप्प्यावर.

कसरतींत लूप आणि रोल साध्य झाल्यावर इमेलमन, म्हणजे अर्धा लूप घेऊन वर अर्धा रोल; हॅमरहेड, म्हणजे सरळ वर जाऊन वेग संपताना रडरने नाक फिरवून सरळ खाली येणे; आणि नाइफ-एज, म्हणजे पंख उभे ठेवून धडाच्या बाजूवर उडणे, असा चढता क्रम लागतो. नाइफ-एजमध्ये पंखांची उचल आडवी जाते आणि विमानाला धडाची बाजू व खांबच उचलून धरतात, त्यामुळे धडाची बाजू मोठी असलेले दुपंखी त्यात उजवे ठरते. स्नॅप रोल, म्हणजे एक बाजू मुद्दाम स्टॉल करून घेतलेली झटक्याची गिरकी, आखूड पंखांमुळे अत्यंत वेगाने होते; ती नेमकी थांबवण्यासाठी मात्र जुळणी आणि गुरुत्वमध्य बिनचूक असावे लागतात. सुरुवातीला नियंत्रणाच्या मधल्या भागात हालचाल मंद करणारी एक्स्पो ही सोय ३० टक्के ठेवली की हात हलका राहतो.

नियम आणि आकाशातील शेजारी

भारतात ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचित झालेले ड्रोन नियम रेडिओनियंत्रित विमानांनाही लागू होतात. शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा मनोरंजन यांसाठीच वापरले जाणारे, नजरेच्या टप्प्यात उडणारे, २५ किलोपर्यंतचे मॉडेल या वर्गाला प्रकार-प्रमाणपत्राची अट नाही, आणि बिगर-व्यावसायिक कामासाठी २ किलोपर्यंतच्या विमानाला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. हिरव्या क्षेत्रात कमाल उंची १२० मीटर, म्हणजे ४०० फूट. पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत पूर्वपरवानगी. क्षेत्रांचा नकाशा आणि नोंदणीच्या अटी उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर तपासणे आणि स्थानिक पोलिसांच्या तात्पुरत्या मनाई आदेशांची चौकशी करणे, ही उडवणाऱ्याची जबाबदारी आहे. नियंत्रणासाठी वापरला जाणारा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून परवानामुक्त आहे. सिग्नल तुटल्यास मोटर बंद होईल अशी फेलसेफची मांडणी मात्र प्रत्येक विमानावर जमिनीवर तपासून घ्यावी लागते.

मालेगावचे आकाश रिकामे आहे असे समजू नये. नाशिकच्या बाजूला ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा १९६४ पासूनचा कारखाना आणि विमानतळ, नाशिकच्या गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टरांचे प्रशिक्षण केंद्र, आणि ईशान्येला सुमारे ५० किलोमीटरवर धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण, असा हा परिसर आहे. प्रशिक्षण विमाने तुलनेने कमी उंचीवरून जातात; खऱ्या विमानाचा आवाज कानावर पडताच मॉडेल खाली आणणे हा नियम म्हणूनच बंधनकारक मानावा.

उरलेला प्रश्न शिकण्याच्या वाटेचा

एकट्याने बांधून एकट्याने उडवणाऱ्यापेक्षा गटाने शिकणारा कमी विमाने मोडतो, हा सार्वत्रिक अनुभव आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचा भाग आहे आणि अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात रेडिओनियंत्रित उड्डाणाच्या स्पर्धाही होतात. अभियांत्रिकी महाविद्यालयांत विमानबांधणीच्या स्पर्धांची परंपरा रुजत आहे. मालेगावातील तंत्रशिक्षण घेणारी मुले आणि मागांच्या मोटरी दुरुस्त करणारे कारागीर एका बाकावर बसले, तर वर वर्णिलेल्या बहुतेक अडचणींची उत्तरे शहरातच मिळतील. बाहेरून लागेल तो अनुभवी उडवणाऱ्याचा हात.

आढाव्यातून निघणारा निष्कर्ष असा: विजेच्या मोटरीमुळे दुपंखी विमानाची जादा ओढ आता अडचण राहिलेली नाही, पण त्या मोटरीने वजनाचा प्रश्न सोडवलेला नाही, आणि उष्ण पठारावर तो अधिक तीव्र होतो. म्हणून मालेगावात असे विमान बांधणाऱ्याने मोटरीची निवड सर्वांत शेवटी करावी. आधी ४० अंशांची हवा धरून पंखांचे क्षेत्रफळ ठरवावे, मग वजनाची मर्यादा बांधून घ्यावी, त्यानंतर जुळणीतील मिलिमीटर मोजावेत, आणि या तिन्ही गोष्टी कागदावर जुळल्यावरच पंखा व मोटर विकत घ्यावी. हा क्रम उलटा झाला की चूक लपवण्यासाठी शक्ती वाढवली जाते, शक्तीसाठी बॅटरी, बॅटरीने वजन, आणि उन्हाळ्याच्या विरळ हवेत त्या वजनाचा हिशेब उतरतानाच्या वेगात चुकवावा लागतो.